आईसाठी खालची खोली

क्वीन्सटाउन, सिंगापूर
७ फेब्रुवारी २०१६

नीता,

अक्षर ओळखलंस का? नसेल तर पान उलटून खालची सही बघ आणि मग खुर्ची ओढून बस. हो, मीच, तुझी थोरली जाऊ. अजून आहे.

तुला वाटेल, तुझे थोरले दीर गेल्यापासून सात वर्षं हिनं शब्द टाकला नाही, आता काय काम निघालं? कामच निघालंय. प्रेमबिम काही नाही, घाबरू नकोस.

माझ्या सौमित्रचं तुला मेल आलंच होतं. सूनबाईला, अनुयाला, तुमच्या नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, इथल्या नोव्हेनाच्या हॉस्पिटलापेक्षा मोठी. म्हणून जुलैत सगळं बिऱ्हाड उचलायचं. शहर अनोळखी, म्हणून त्यानं काकूला विचारलं की घर कुठल्या भागात घेऊ. तू त्याला लांबलचक उत्तर पाठवलंस, ते त्यानं मला जेवताना वाचून दाखवलं. वेस्ट ब्रिजफर्ड म्हणे सगळ्यात उत्तम. शाळा उत्तम, रस्ते उत्तम, शेजार उत्तम. अगं, एवढं उत्तम आहे तर तू तीस वर्षं बीस्टनमध्ये काय करतेस?

मी प्रणूला म्हटलं, काढ गं तो नकाशा. प्रणू म्हणजे प्रणिता, माझी नात, दुसरीत आहे. तिनं काढला आणि म्हणाली, "आजी, मधे रिव्हर आहे लाह. काकूआजीचं घर व्हेरी फार." लाह हे इथल्या बोलण्यातलं शेपूट. मला हसू आवरेना. पुतण्याला घर सुचवताना मधे नदी ठेवणारी काकू मी पहिलीच बघितली.

राग नाही हो. रागाचं तेवढं एकदा सांगून टाकते म्हणजे पुढचं बोलता येईल. हे गेले तेव्हा कोरेगावच्या घरी तुमचं कार्ड आलं. पांढरी फुलं, सोनेरी अक्षरं, आत छापलेलं काहीतरी आणि खाली दोन सह्या. तेराव्याचं जेवण चाललं होतं. पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं आणि शेजारची संजीवनी म्हणाली, "अगो बाई, वाढदिवस कुणाचा?" अख्खी पंगत बघायला लागली. गावातल्या रवींद्र मास्तरांनी वाचून सांगितलं, सहानुभूती आहे म्हणून. मला वाटलं, सख्ख्या जावेला चार ओळी लिहवेनात, सहानुभूती छापलेली विकत आणली. मग मीही बसले गप्प.

इथं आल्यावर एका दुकानात तसल्या कार्डांचं फडताळच दिसलं. एक बाई उभी होती. एक कार्ड काढायची, वाचायची, परत ठेवायची, दुसरं काढायची. बराच वेळ. तेव्हा मनात आलं, तूही असंच निवडलं असशील. झालं. त्यावर आणखी बोलायचं नाही.

आता मुद्दा. बीस्टनमध्ये वाईट काय आहे ते मला खरं कळव. पत्रानंच कळव. माझा मोबाईल सौमित्रनं लावून दिलाय, त्यात आलेलं घरातल्या सगळ्या यंत्रांवर टिंग करतं. पत्रपेटी मात्र माझी. किल्ली माझ्या कमरेला.

निशिकांत भाऊजींना नमस्कार. ते अजून चहा बशीत ओततात का, की तू मोडलंस?

सुरेखावहिनी


२ मार्च २०१६

नीता,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, औषधाच्या बाटलीवर एवढं लिहिलेलं असतं. तरी मिळालं.

म्हणजे बीस्टन चांगलं आहे. बाजार जवळ, नवी ट्राम सुरू झालीय, ती थेट अनुयाच्या हॉस्पिटलाच्या दारात सोडते. फक्त घरं चिंचोळी, खाली बसायची खोली नि स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या वर. आणि सौमित्रनं तुला फोनवर निक्षून सांगितलं की आईचे गुडघे दुखतात, आईसाठी खालच्या मजल्यावर खोली हवीच, न्हाणीघरासकट. म्हणून तू शेवटी त्याला कीवर्थ म्हणून खेड्यातला बंगला दाखवलास.

त्या खोलीबद्दल सांगते. हे तुझ्यापाशीच ठेव, भाऊजींनाही नको. ते फोनवर ओरडून बोलतात.

दिवाळीनंतर एक दिवस ही दोघं खोलीत बसून व्हिसाच्या वकिलाशी बोलत होती. फोन मोठ्यानं लावलेला. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं, माहेरच्या शाळेतलं, पण सहा वर्षं प्रणूच्या मागं फिरून बरंचसं कळतं. बाई म्हणत होती, तिकडे आईबापांना कायम राहायला आता सहसा देत नाहीत. आई इतकी आजारी पाहिजे की तिला स्वतःची आंघोळ करता येत नाही, आणि तिच्या देशात तिला बघायला कुणीही नाही, पैसे देऊनसुद्धा नाही. मग बघतील. माझं नशीबच फुटकं बघ. मी टुणटुणीत, आणि कोरेगावात भावकी जिवंत.

इथं राहायचा माझा पास सौमित्रच्या नोकरीला बांधलेला. तो गेला की पास गेला. तिकडे पाहुणी म्हणून सहा महिने येता येईल, पण पाहुणी ती पाहुणी.

सौमित्रनं मला यातलं काही सांगितलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही की मला ठाऊक आहे. तो काहीतरी मार्ग काढीन म्हणतो, अपील करीन म्हणतो, आणि तोवर खालची खोली शोधत बसतो. जी बाई तिथं राहायची नाही, तिच्यासाठी खोली. आणि त्या खोलीपायी पोरीला खेड्यात नेऊन टाकायला निघालाय. दोघांनाही गाडी चालवायची सवय नाही, इथली सगळी वर्षं एमआरटीनं, इथल्या मेट्रोनं, गेली. अनुयाला दोन बस बदलून हॉस्पिटल, त्याला तासभर ऑफिस.

आता तू एक काम कर. हसू नकोस. आमच्याकडे मुलगी द्यायच्या गावात आधी कुणीतरी वाटसरू होऊन जायचं आणि अनोळखी दारात पाणी मागायचं. घर, शेत नंतर. पाणी कसं देतात त्यावरून गाव कळतं. हातात देतात, ओटीवर ठेवतात, की आतूनच "घरात कुणी न्हाई" म्हणतात. माझ्या आईनं आपल्या दोघींच्या सासरी तसंच बघितलं होतं, म्हणून मी त्या घरात आले.

इथं आलो तेव्हा सौमित्र यिशुनला घर घेत होता, भाडं कमी म्हणून. मी यिशुन नि क्वीन्सटाउन, दोन्हीकडे जाऊन आले. यिशुनला एक जण म्हणाला, खाली मशीन आहे, नाणं टाका. क्वीन्सटाउनला एका चिनी म्हातारीनं दार उघडलं, तिला माझं काही कळेना, मला तिचं काही कळेना. मी अंगठा तोंडाकडे नेला. तिनं शेवंतीचा चहा आणला आणि मला बसवून पंखा माझ्याकडे फिरवला. मी घरी येऊन म्हटलं, इथंच. अनुया म्हणाली, "आई, असं दारोदार जाऊ नका, पोलीस येतील." आले नाहीत. ती म्हातारी अजून मला संत्री देते.

तर तू कीवर्थला जा आणि बीस्टनला तुझ्या मागच्या गल्लीत ते रिकामं घर आहे म्हणतेस, तिथं जा. शेजारी पाणी माग. चांगला कोट घालून जा म्हणजे भिकारीण वाटणार नाहीस.

सुरेखावहिनी


२७ मार्च २०१६

नीता,

तू गेलीस! मी पत्र वाचताना एवढी हसले की प्रणू तोंड धुता धुता बाहेर आली.

म्हणजे कीवर्थला पहिल्याच दारात त्या म्हाताऱ्या गोऱ्यानं तुला आत बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, बिस्किटं दिली, बायकोचा फोटो दाखवला आणि बसस्टॉपपर्यंत छत्री धरून सोडायला आला. आणि बीस्टनला, तुझ्या स्वतःच्या मागच्या गल्लीत, बाईनं साखळी न काढता फटीतून पाण्याचा मग दिला आणि परत घेताना पुसला. वर तू लिहितेस, "आता काय करायचं वहिनी? तुमच्या रीतीनं कीवर्थच आलं."

माझ्या आईची रीत चुलीत घाल. मला बीस्टनच पाहिजे.

आता खरं लिहिते. मी जागा बघत नव्हते, तुला बघत होते. तू जातेस का नाही ते बघायचं होतं. सात वर्षं न बोललेल्या जावेनं पाणी मागायला धाडलं आणि तू कोट घालून दोन बस बदलून गेलीस. माझं बघून झालं.

ऐक. तिकडे शाळा तीन-सव्वातीनला सुटते म्हणे. अनुया कधी सकाळची, कधी रात्रीची. सौमित्र सहापर्यंत. इथं प्रणूला शाळेतून मी आणते. ती गेटातून बाहेर येते, दप्तर माझ्या अंगावर टाकते आणि घरापर्यंत सगळ्या वर्गाच्या चुगल्या करते. हे रोजचं. मी नसले की ती कुठंतरी पैसे भरून बसवायची, अनोळखी पोरांत, आई येईपर्यंत. पोर मोठी होईल, मरत नाही कुणी. पण चुगल्या कुणाला सांगणार?

तू सांभाळशील का? दुपारचे तेवढे दोनतीन तास. घर तुझ्या मागच्या गल्लीत असेल तर. नदीपलीकडे असेल तर मी विचारतसुद्धा नाही.

नाही म्हणायचं तर नाही म्हण. तेवढं छापील कार्ड नको.

सुरेखावहिनी


११ एप्रिल २०१६

नीता,

परवा तू फोन केलास तेव्हा सौमित्र शेजारीच बसला होता, म्हणून मी नुसतं हं हं करत होते. तुला वाटलं असेल हिला काही वाटलं नाही.

तू म्हणालीस, "वहिनी, मला मुलांची सवय राहिली नाही." सवय कुणाला असते गं. मी सिंगापूरला आले तेव्हा मला लिफ्टची सवय नव्हती. पण नंतर जे तू हळू आवाजात बोललीस ते मी दिवसभर मनात फिरवत बसले. तुमचा विक्रांत लंडनला, गाडीनं दोन तासांवर, आणि येतो नाताळात. म्हणून तुला वाटलं, सौमित्र मागच्या गल्लीत आला तर त्याचं येणंजाणं रोज खिडकीतून दिसेल, आणि ते बघवायचं नाही. म्हणून नदी.

असं असेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, माझ्या जिभेला भिऊन केलंस.

त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही. विक्रांतला मी बोलले असते, पण त्याला मराठी कळत नाही आणि माझ्या इंग्रजीत शिव्या नाहीत. एवढंच सांगते, प्रणू खिडकीतून दिसत बसणारी नाही. ती सरळ आत येते आणि फ्रिज उघडते.

तू "बघू" म्हणालीस. आपल्या घरात "बघू" म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. सासूबाई साडीला बघू म्हणायच्या आणि ती कधी यायची नाही. भाऊजी बघू म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी काम झालेलं असायचं. तू कुणाच्या वळणावर गेलीस तेवढं कळव.

सुरेखावहिनी


२५ एप्रिल २०१६

नीता,

तुझं उत्तर मिळालं. एकच वाक्य, पण पुरलं. "तिला भेंडी आवडते का?" आवडते. तळलेली, परतलेली नाही.

आता माझ्या बाजूचं काम झालं ते सांगते.

सौमित्र कीवर्थच्या बंगल्याचे पैसे भरायच्या बेतात होता. रविवारी सकाळी आम्ही हॉकर सेंटरला, इथल्या खाऊगल्लीत, गेलो. हे बोलणं मुद्दाम तिथं काढलं. भोवती शंभर माणसं जेवत असली की माझ्या पोराचा आवाज चढत नाही, लहानपणापासूनचं आहे. प्रणू तिच्या मैत्रिणीच्या टेबलावर गेली होती. त्यानं फोन माझ्यापुढे धरला.

"आई, हे बघ. सगळं एका मजल्यावर. तुझी खोली मागच्या बागेकडे."

"छान आहे की. कुणाला देणार?"

"कुणाला म्हणजे?"

"मी काही येत नाही बाबा."

"आई, आत्ता चेष्टा नको."

"चेष्टा करायची तर तुझ्या पोटाची केली असती, समोर दिसतंय. मी येत नाही. घरात मोजे घालून बसायचं, चार वाजता अंधार, खिडकी उघडायची नाही. मला नको. मी कोरेगावला जाणार. आपले भाडेकरू रवींद्र मास्तर, त्यांना फोन केलाय, जूनपर्यंत घर रिकामं करतायत."

"मला न विचारता?"

"तू इंग्लंड ठरवलंस तेव्हा मला विचारलंस?"

हे जरा जास्त लागलं त्याला. तो म्हणाला, "आई, मी व्हिसाचं बघतोय. वकील म्हणाली की..." आणि थांबला. अनुयाचा चमचा वरच राहिला. मी ऐकलंच नाही असं केलं. म्हटलं, "व्हिसा घेऊन राणी स्वतः दारात आली तरी मी येणार नाही. तिला सांग, बाई कोरेगावची आहे, हट्टी आहे."

"एकटी राहशील?"

"संजीवनी भिंतीला भिंत लावून आहे. ती मला मिनिटभर एकटी सोडते का बघ."

त्यानं फोन टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाला, "नक्की? म्हणजे तुला खरंच तसं हवंय?"

"नक्की."

आणि नीता, त्याचे खांदे खाली आले. पोतं टाकल्यावर हमालाचे येतात तसे. त्याला कळलंही नाही, पण मी आई आहे, मला दिसतं. चांगलं झालं, तेवढ्यासाठीच तर बोलले होते. पण एकदा तरी आणखी आग्रह करील असं वाटलं होतं. चहा गार झाला होता, तो पिऊन टाकला.

मग मी म्हटलं, "आता खालची खोली नको, तर ते बीस्टनचं घर बघ. ट्राम आहे. काकू मागच्या गल्लीत आहे." तो म्हणाला, "काकूला चालेल?" मी म्हटलं, "विचारून तर बघ, खाईल का तुला?"

घरी येताना रस्ता ओलांडायला अनुयानं माझं कोपर धरलं. माझ्या सुनेला हात धरायची सवय नाही, ती डॉक्टर आहे, नाडी बघायला धरते. म्हणाली, "आई, तुम्ही त्या दिवशी ऐकलं होतंत ना?"

"कुठल्या दिवशी?"

"काही नाही."

पण कोपर तिनं लिफ्टपर्यंत सोडलं नाही. तिनं त्याला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. पोरगी चांगली आहे, मीठ तेवढं कमी घालते.

सुरेखावहिनी


१९ जून २०१६

नीता,

बीस्टनचं घर झालं. सौमित्रनं फोटो दाखवले. जिना आहे का माळ्याची शिडी? भाऊजींना सांग, कठडा हलवून बघा, पोर त्यावरून घसरणार हे लिहून ठेवते. त्या साखळीवाल्या शेजारणीकडे मी अनुयाच्या हाती एक लाडवांचा डबा पाठवतेय. डबा परत मागायला जायचं म्हणजे ती दार पुरतं उघडील.

माझं तिकीट अकरा जुलैचं, त्यांचं चौदाचं. आधी मला चढवून देणार म्हणतात. बरं आहे. रिकाम्या घरात मला उभं राहायला नको.

इथलं आवरतेय. खालच्या त्या म्हातारीला मी जाणार ते कसं सांगावं कळेना. प्रणूनं चिनी भाषेत सांगितलं, शाळेत शिकलीय तेवढं. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, आत गेली आणि पिशवीभर संत्री घेऊन आली. रोज दोन द्यायची. प्रणू म्हणाली, "ती म्हणते, तिकडे ऑरेंज मिळत नसेल." कोरेगावात!

आता पोरीचं सांगते. वाचून बाजूला ठेव, तुझं तुला कळेलच. ती इंग्रजीत उत्तर देईल, तू मराठीतच बोल. कळतं तिला सगळं, कामचुकार आहे. लाह म्हणू नकोस असं सांगू नकोस, तिकडची पोरं हसून आपोआप सोडवतील आणि तेव्हा तिला वाईट वाटेल, त्या दिवशी भेंडी कर. शाळेतून आली की लगेच काय झालं विचारायचं नाही. चपला काढू द्यायच्या, पाणी द्यायचं, मग तीच सुरू होते. खोटं बोलताना डावा कान ओढते. तिला हे माहीत नाही, तूही सांगू नकोस, पुढं उपयोगी पडतं. आणि चेष्टा कर तिची. तिला सवय आहे. गोड बोललेलं तिला आजारपण वाटतं.

मी येईन. पुढल्या वर्षी उन्हाळ्यात, सहा महिन्यांचा शिक्का घेऊन, तुझ्याकडे उतरेन. तुझ्याकडे खाली पलंग आहे म्हणालीस. सौमित्रच्या शिडीवर मला चढवणार असतील तर विमा आधी काढा म्हणावं.

एक शेवटचं, आणि हे नीट वाच.

प्रणू विचारणार. इथं तिनं दोनदा विचारलं, मी विषय बदलला. तिकडे गेल्यावर एखाद्या दिवशी शाळेतून येताना ती तुला विचारील की आजी आमच्याबरोबर का आली नाही. तिच्या बापाला मी सांगितलं की मला यायचं नाही. त्याला ते हवं होतं, त्यावाचून त्याला विमानात बसता आलं नसतं. तो मोठा आहे, त्याला तेवढ्यावर जगता येईल. तोही तिला हेच सांगील, की आजीला थंडी आवडत नाही, आजीला गाव आवडतं.

तू तसं सांगू नकोस. लहान पोरीला, आजीला यायचं नव्हतं, असं कळलं तर ती ते घेऊन बसते. तिला सांग, त्या देशाचा एक नियम आहे, म्हाताऱ्या माणसांना ते राहायला देत नाहीत. बाबाला सांगू नको म्हणावं. ती सांगणार नाही, चुगल्या ती फक्त आजीजातीला सांगते.

आणि सांग की आजीला यायचं होतं. खालची खोली नसती तरी.

सुरेखा